घर किती तापते, आणि कधी तापते? : इको-निवास संहितेचे एक टीकात्मक वाचन



काही महिन्यांपूर्वी अंतिम वर्षाच्या एका गटाने माझ्यासमोर त्यांचा प्रकल्प मांडला. अहमदाबादमध्ये बांधायची एक काल्पनिक निवासी इमारत त्यांनी घेतली होती. भिंती एएसी ब्लॉकच्या, खिडक्या माफक, आकडेमोड नीटनेटकी. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : आरईटीव्ही १४.६, मर्यादा १५, इमारत पात्र. मी विचारले, "मे महिन्यात रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या खोलीत झोप येईल का?" गटाने एकमेकांकडे पाहिले. मग एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ते सूत्रात नाही."

तिचे उत्तर शंभर टक्के बरोबर होते. ते सूत्रात नाही. सूत्रात काय आहे, काय नाही, आणि जे नाही त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी हे टिपण आहे. कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराचे मूलभूत विज्ञान आपण इथे एका नियमपुस्तिकेच्या आधाराने पाहणार आहोत. ती पुस्तिका म्हणजे 'इको-निवास संहिता २०१८', भाग पहिला : इमारतीचे बाह्य कवच. तुम्ही देशात कुठेही शिकत असा, उद्या नोकरीत ही संहिता किंवा तिच्यावर बेतलेला नियम तुमच्या टेबलावर येण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ती पाठ करण्याआधी वाचायला शिकू या.

१. संहिता काय मागते?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालय आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी डिसेंबर २०१८ मध्ये ही संहिता जाहीर केली. तिचा दुसरा भाग २०२१ मध्ये आला. त्यात विद्युत उपकरणे आणि नवीकरणीय ऊर्जा यांचा विचार आहे. आपण मात्र पहिल्याच भागापुरते बोलू, कारण भिंत, खिडकी आणि छत यांचे विज्ञान तिथे आहे. उपकरण दहा वर्षांनी बदलता येते, भिंत पन्नास वर्षे तशीच राहते.

पहिल्या भागाच्या मागण्या मोजक्या आहेत.

• उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या ठरावीक टक्क्यांहून कमी नसावे. उष्ण-कोरड्या हवामानात १० टक्के, संमिश्र आणि समशीतोष्ण हवामानात १२.५ टक्के, उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के, थंड हवामानात ८.३३ टक्के.

• काचेतून पुरेसा दृश्य प्रकाश आत यावा. खिडक्यांचे प्रमाण भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर काचेने किमान २७ टक्के प्रकाश आत सोडला पाहिजे.

• छताचे यू-मूल्य १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन याहून जास्त नसावे.

• थंड प्रदेश वगळता सर्वत्र आरईटीव्ही हा आकडा १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत असावा. थंड प्रदेशात त्याऐवजी कवचाच्या यू-मूल्यावर १.८ ची मर्यादा आहे.

यू-मूल्य म्हणजे आतील आणि बाहेरील हवेच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. आरईटीव्ही हे 'रेसिडेन्शिअल एन्व्हलप ट्रान्समिटन्स व्हॅल्यू' याचे लघुरूप. घर थंड ठेवण्याची गरज असते त्या काळात छत सोडून बाकी कवचातून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. वरच्या वाक्यातले 'सरासरी' आणि 'छत सोडून' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. पुढे लागणार आहेत.

२. सूत्र हाताने सोडवून पाहू

आरईटीव्हीचे सूत्र तीन पदांची बेरीज आहे. पहिले पद भिंतीतून होणाऱ्या वहनाचे, दुसरे काचेतून होणाऱ्या वहनाचे, तिसरे काचेतून थेट आत येणाऱ्या सौर प्रारणाचे. प्रत्येक पदाला हवामानानुसार एक गुणांक आहे. उष्ण-कोरड्या हवामानासाठी ते अनुक्रमे ६.०६, १.८५ आणि ६८.९९ असे आहेत. शिवाय भिंत कोणत्या दिशेला आहे, त्यानुसार एक दिशागुणांक लागतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील ठिकाणांसाठी तो उत्तरेला ०.६५९, पूर्वेला १.१५५, दक्षिणेला ०.९६६ आणि पश्चिमेला १.१५६ असा आहे. अहमदाबाद कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, म्हणून हेच आकडे घेऊ.

आता तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी पश्चिमेची एकच भिंत घ्या. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. त्यात १.८ चौरस मीटरची खिडकी, म्हणजे पाचवा हिस्सा. भिंत २३० मिमी विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा. विटेची उष्णतावाहकता ०.८ धरली, तर यू-मूल्य जवळजवळ २.० येते. खिडकीला साधी एकेरी काच : यू-मूल्य ५.८ आणि सौर उष्णता गुणांक ०.८२, म्हणजे काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी ८२ टक्के आत येते.

भिंतीचे वहन : ६.०६ × २.० × ०.८ × १.१५६ = ११.२
काचेचे वहन : १.८५ × ५.८ × ०.२ × १.१५६ = २.५
काचेतून ऊन : ६८.९९ × ०.८२ × ०.२ × १.१५६ = १३.१
एकूण : २६.८

मर्यादा १५ ची आहे. भिंत नापास झाली. पण निकालापेक्षा वाटणी पाहा. खिडकी भिंतीचा पाचवा भागच आहे, तरी एकूण उष्णतेतला निम्म्याहून अधिक वाटा तिचा आहे.

सुधारणा करू. विटेऐवजी २०० मिमीचा एएसी ब्लॉक घेतला, तर यू-मूल्य ०.७६ च्या आसपास येते आणि बेरीज १९.८ होते. अजून नापास. आता वीटच ठेवून बाहेरून चांगला छज्जा आणि बाजूचे आडोसे दिले, ज्याने सौर गुणांक परिणामी ०.४ वर आला, तर बेरीज २०.१ होते. म्हणजे अख्खी भिंत बदलून जे साधले, जवळजवळ तेच एका नीट आखलेल्या छज्ज्याने साधले. दोन्ही केले, तर १३.१. आणि यातले काहीही न करता तीच मूळ विटेची भिंत, तीच उघडी काच फक्त उत्तरेकडे वळवली, तर १५.३. आराखड्याचा कागद फिरवायला खर्च शून्य.

३. संहितेची जमेची बाजू

टीका म्हणजे दोष काढणे नव्हे. आधी श्रेय द्यायला हवे.

आपल्या अनेक पाठ्यपुस्तकांत अजूनही घराच्या ऊर्जेचा धडा भिंतीच्या उष्णतारोधनापासून सुरू होतो. हा क्रम थंड देशांतून आला. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये, ही मुख्य चिंता असते, म्हणून जाड रोधक आणि घट्ट बंद खिडक्या. आपल्याकडे बहुतेक भागांत प्रश्न उलटा आहे : बाहेरचे ऊन आत येऊ नये. संहितेच्या तीन गुणांकांनी हे नेमके पकडले आहे. ६८.९९ हा आकडा ६.०६ च्या अकरा पटींहून मोठा आहे. दोन्हींची एकके वेगळी असल्याने ही तुलना थेट करता येत नाही, हे खरे. पण वरच्या उदाहरणाने तुम्हाला तिचा अर्थ दिसला आहे. या देशात आधी ऊन अडवा, मग भिंतीचे बघा.

दुसरे श्रेय प्रकाशाच्या अटीचे. उष्णता कमी दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे काळी काच लावणे. मग दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. किमान प्रकाशाची अट ही पळवाट बुजवते.

तिसरे श्रेय साधेपणाचे. महागडी संगणक-प्रणाली नसलेला लहान गावातला अभियंताही हे सूत्र गणकयंत्रावर सोडवू शकतो. शंभर पानी नियम कोणी वाचत नाही. तीन पदांचे सूत्र वाचले जाते.

४. पहिली उणीव : सरासरीत कोणी राहत नाही

आता त्या गटाच्या इमारतीकडे परत जाऊ. चारही बाजू सारख्या क्षेत्रफळाच्या, एएसी ब्लॉकच्या भिंती, पाचव्या हिश्श्याच्या खिडक्या, लहान छज्ज्यांमुळे सौर गुणांक ०.६५. दिशागुणांक लावण्याआधीची बेरीज १४.८ येते. चारही दिशांच्या गुणांकांची सरासरी ०.९८४. गुणाकार १४.६. इमारत पात्र.

पण दिशा वेगळ्या करून पाहा. उत्तरेच्या भिंतीचा आकडा ९.८, पश्चिमेचा १७.१. उत्तरेकडे राहणारे कुटुंब मर्यादेच्या बरेच खाली आहे, पश्चिमेकडचे तिच्या वर. प्रमाणपत्रावर दोघांचा मिळून एकच आकडा आहे. उत्तरेच्या घराने पश्चिमेच्या घराला पास करून दिले, पण त्याबद्दल पश्चिमेच्या घराचे वीजबिल काही कमी होत नाही. घर विकत घेणाऱ्याला प्रमाणपत्र दाखवले जाते तेव्हा ही फोड त्याला कोण सांगतो?

अभियांत्रिकीत दुसरीकडे आपण असे करत नाही. तुळई तपासताना सर्व तुळयांवरील सरासरी भार धरून चालत नाही. सर्वात जास्त भाराची तुळई तपासतो. घराच्या बाबतीत तोच न्याय लावला, तर इमारतीच्या सरासरीसोबत सर्वात वाईट खोलीचा आकडाही मागायला हवा. सूत्र तेच राहील, फक्त एक ओळ वाढेल.

५. दुसरी उणीव : सूत्राला घड्याळ नाही

ही उणीव मला सर्वात महत्त्वाची वाटते. कारण तिच्यात घराचे खरे विज्ञान दडले आहे.

दोन भिंती कल्पा. पहिली आपली २३० मिमी विटेची, यू-मूल्य २.०. दुसरी दोन पातळ पत्र्यांमध्ये १२ मिमी फोम भरलेली. फोमची उष्णतावाहकता ०.०३६ धरा आणि स्वतः गणित करा : हिचेही यू-मूल्य २.० येते. संहितेच्या लेखी या दोन भिंती एकच आहेत. आरईटीव्हीच्या दशांशातही फरक पडत नाही.

पण या दोन भिंतींच्या आड मे महिन्याची एक दुपार काढा, म्हणजे फरक कळेल. पत्र्याची भिंत ऊन पडल्यावर काही मिनिटांत आतून तापते. विटेच्या भिंतीचे एक चौरस मीटर चारशे किलोहून अधिक वजनाचे असते. ते वजन तापायला वेळ लागतो. या गुणाला औष्णिक वस्तुमान म्हणतात, आणि उष्णतेची लाट बाहेरून आत पोहोचायला लागणाऱ्या वेळेला कालविलंब.

कालविलंबाचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. जाडीचा निम्मा घ्या आणि त्याला '२४ तास भागिले (पाय गुणिले औष्णिक विसरणक्षमता)' याच्या वर्गमुळाने गुणा. औष्णिक विसरणक्षमता म्हणजे उष्णतावाहकता भागिले (घनता गुणिले विशिष्ट उष्णता). विटेसाठी ०.८, १८०० आणि ८८० घेतले, तर ती सेकंदाला सुमारे ०.५ चौरस मिलिमीटर येते. त्यावरून २३० मिमी विटेचा कालविलंब सुमारे साडेसात तास. शिवाय बाहेरच्या तापमानातला चढ-उतार आत पोहोचेपर्यंत, याच सोप्या सिद्धांतानुसार, साधारण सातव्या हिश्श्यावर येतो.

आता हा आकडा घरात आणू. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग दुपारी चारच्या सुमारास सर्वाधिक तापतो. त्यात साडेसात तास मिळवा : रात्रीचे साडेअकरा. वर्गात मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दुपारी या भिंतीने घर वाचवले, आणि ती उधारी ती रात्री उशाशी फेडून घेते.

मी स्वतः काही वर्षे अशा घरात राहिलो आहे. दिवसा घर छान, म्हणून पाहुणे कौतुक करत. रात्री अकरानंतर आई उशी आणि चादर उचलून पूर्वेच्या खोलीत जायची. आम्हाला वाटे, वयामुळे तिला उकाडा सोसत नाही. भिंतीला हात लावून पाहायचे मला, अभियंता असून, बरेच उशिरा सुचले.

मग जाड भिंत चांगली की वाईट? याचे उत्तर त्या खोलीत कोण कधी असते, यावर आणि रात्री बाहेरची हवा किती गार होते, यावर आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. तिथे जाड भिंत आणि रात्री उघडलेल्या खिडक्या ही जोडी उत्तम चालते : भिंत दिवसा उष्णता साठवते, रात्रीचा वारा ती काढून नेतो. मुंबई, कोची किंवा चेन्नईसारख्या दमट किनाऱ्यावर रात्रही उबदार असते. तिथे साठवलेली उष्णता नेणार कोण? तिथे सावली आणि वाहता वारा यांचे महत्त्व वस्तुमानाहून जास्त. दिवाणखान्यात दिवसा लोक असतात, शयनगृहात रात्री; म्हणजे एकाच घरात दोन खोल्यांना दोन वेगळ्या भिंती योग्य ठरू शकतात. सरासरीच्या सूत्रात यातले काही बसत नाही.

६. तिसरी उणीव : छताचा रंग

छत आरईटीव्हीच्या बाहेर आहे आणि त्याच्यासाठी यू-मूल्याची स्वतंत्र मर्यादा आहे, हे आपण पाहिले. मर्यादा चांगलीच आहे. १५० मिमीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य साडेतीनच्या आसपास असते, ते १.२ वर आणायला रोधकाचा थर घालावाच लागतो. पण यू-मूल्याला रंग दिसत नाही.

उन्हात तापलेल्या पृष्ठभागाचा हिशेब 'सौर-वायू तापमान' या कल्पनेने करतात. बाहेरच्या हवेचे तापमान घ्या आणि त्यात (ऊन × शोषणांक ÷ पृष्ठभागाचा उष्णता-संक्रमण गुणांक) मिळवा. मे महिन्यात भर दुपारी ऊन ९०० वॅट प्रति चौरस मीटर, हवा ४० अंश आणि तो संक्रमण गुणांक २० धरू. काळपट गच्चीचा शोषणांक ०.७ : ९०० × ०.७ ÷ २० = ३१.५. म्हणजे छताच्या दृष्टीने बाहेर ७१.५ अंश आहेत. पांढऱ्या गच्चीचा शोषणांक ०.३ : वाढ १३.५, एकूण ५३.५ अंश.

खोली ३२ अंशांवर आहे असे धरून, छत स्थिर अवस्थेत आहे असे मानून, दर चौरस मीटरमागची उष्णता काढा.

उघडी काळपट स्लॅब : ३.५ × ३९.५ = १३८ वॅट
उघडी पांढरी स्लॅब : ३.५ × २१.५ = ७५ वॅट
रोधकाची काळपट स्लॅब : १.२ × ३९.५ = ४७ वॅट
रोधकाची पांढरी स्लॅब : १.२ × २१.५ = २६ वॅट

तिसरे आणि चौथे छत संहितेला सारखेच. पण चौथ्यातून येणारी उष्णता जवळजवळ निम्मी आहे, आणि फरक पांढऱ्या लेपाचा. पहिल्या दोन ओळीही पाहा. रोधक घालण्याची ऐपत नसलेल्या घराला चुन्याचा लेप किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची पांढरी फरशी उष्णतेचा निम्म्याच्या आसपास भार वाचवते. लेप धुळीने मळतो, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे मान्य. तरी भौतिकशास्त्र स्वस्तात काम करते त्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

७. चौथी उणीव : उष्णतेची बाहेर जाण्याची वाट

आतापर्यंत आपण उष्णता आत येण्याचाच विचार केला. घर गार राहते ते उष्णता बाहेर गेल्यामुळेही. माणसे, स्वयंपाक आणि फ्रिज घरात उष्णता तयार करतच असतात.

हिशेब छोटा आहे. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो, विशिष्ट उष्णता सुमारे १००० ज्यूल प्रति किलो प्रति केल्व्हिन. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ५ अंश गार असेल आणि सेकंदाला ०.१ घनमीटर हवा खोलीतून वाहत असेल, तर ती १.२ × १००० × ०.१ × ५ = ६०० वॅट उष्णता बाहेर नेते. आपली पश्चिमेची नापास भिंत सरासरी २६.८ × ९, म्हणजे सुमारे २४० वॅट आत आणत होती. तुलना ढोबळ आहे, कारण एक आकडा संपूर्ण उन्हाळ्याच्या सरासरीचा आणि दुसरा रात्रीच्या काही तासांचा. तरी वाहत्या हवेचे बळ लक्षात येते.

संहिता वायुवीजनासाठी उघडझापीच्या क्षेत्रफळाची टक्केवारी मागते. ती कुठे असावी, ही मात्र तिची अट नाही. एकाच भिंतीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन मोठ्या खिडक्या आणि समोरासमोरच्या भिंतींत असलेल्या दोन मध्यम खिडक्या यांत टक्केवारीने पहिली जोडी जिंकेल. वारा दुसऱ्या जोडीतून जाईल. रात्री डास, आवाज किंवा चोरीच्या भीतीने खिडकी बंदच राहणार असेल, तर कागदावरची टक्केवारी निरर्थक. डासांची जाळी आणि गज असलेले, रात्रभर उघडे ठेवता येईल असे उंचावरचे झरोके हा ऊर्जेचाच विषय आहे.

अहमदाबादचेच एक जुने उदाहरण पाहा. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांचे १९६२ चे 'ट्यूब हाउस' हे स्वस्त घरांच्या स्पर्धेसाठी केलेले घर होते. रुंदी साडेतीन मीटरच्या थोडी वर, लांबी त्याच्या पाचपट. त्याची हुशारी आराखड्यात कमी, उभ्या छेदात जास्त होती. उतरत्या छताखालून गरम हवा वर सरकते आणि माथ्यावरच्या झडपेतून बाहेर पडते. तिची जागा खालून येणारी गार हवा घेते. ते घर आज उभे नाही, पण त्याचा छेद प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा काढून पाहावा. संहितेच्या तक्त्यात अशा छेदासाठी रकाना नाही.

८. आणि जे संहितेतच नाहीत

संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांसाठी लिहिली आहे. यामागे कारण समजण्यासारखे आहे : मोठ्या प्रकल्पात अभियंता असतो, मंजुरीची प्रक्रिया असते, तपासणी शक्य असते. पण यामुळे शहराच्या कडेला दीड-दोन गुंठ्यांत स्वतः बांधलेले घर आणि पत्र्याखालची खोली बाहेर राहते. वातानुकूलन यंत्र परवडणारे कुटुंब नियमाच्या आत, आणि ज्यांच्याकडे पंखा हाच एकमेव उपाय आहे ते नियमाच्या बाहेर. लहान घरावर तपासणी लादावी असे मी म्हणत नाही. पण पांढरी गच्ची, पश्चिमेला सावली आणि समोरासमोरचे झरोके एवढे एक पानाचे मार्गदर्शन गवंड्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचायला काय हरकत आहे?

पंख्यावरून आणखी एक. २४ अंश म्हणजेच आराम, हे आपण गृहीत धरतो. सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय इमारतींत लोकांना विचारून मांडलेल्या आराम-प्रतिमानानुसार, नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत आरामदायी तापमान = ०.५४ × अलीकडच्या दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान + १२.८३. बाहेरची सरासरी ३३ अंश असेल, तर उत्तर सुमारे ३०.७. म्हणजे घर ३६ वरून ३१ वर आणणे हे खरे काम आहे. ते काम भिंत, सावली, वारा आणि पंखा मिळून अनेक ठिकाणी करू शकतात. त्यापुढचे काम यंत्राचे, आणि तेही मग थोड्या वेळापुरते.

९. "नियम साधाच हवा" : एका आक्षेपाचा विचार

कोणी म्हणेल, हे सगळे घातले तर संहिता कोणी पाळणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि वर मी साधेपणाला श्रेयही दिले आहे. म्हणून माझी मागणी चारच ओळींची आहे : सर्वात वाईट खोलीचा आकडा वेगळा दाखवा, भिंतीच्या यू-मूल्याशेजारी कालविलंबाचे तास लिहा, छताच्या यू-मूल्याशेजारी शोषणांक लिहा, प्रत्येक राहत्या खोलीला हवेची येण्याची आणि जाण्याची वाट वेगवेगळ्या भिंतींत आहे का, ते हो किंवा नाही लिहा. यातली प्रत्येक ओळ आजही गणकयंत्रावर निघते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : आपल्या जुन्या घरांत हे सगळे होतेच, मग संहिता कशाला? सोलापूर-मराठवाड्याकडची माळवदाची घरे, जैसलमेरची जाड दगडी घरे, केरळची लांब उतरती छपरे यांत कालविलंब, सावली आणि वारा यांचे ज्ञान होते, हे खरेच. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. उष्णतेसाठी उत्तम असलेले वजन, नीट बांधून न घेतल्यास, भूकंपात जीव घेते. जुन्याचे गुणगान करून अभियंत्याची जबाबदारी संपत नाही. जुन्या घरातला नियम ओळखायचा, त्यामागचे गणित मांडायचे, आणि आजच्या सुरक्षित बांधणीत तो बसवायचा, हे आपले काम.

१०. थोडक्यात

इको-निवास संहितेने आपल्याला एक चांगला प्रश्न विचारायला शिकवले : उष्णता किती आत येते? त्याला आणखी तीन प्रश्नांची जोड हवी. कोणत्या खोलीत? किती वाजता? आणि बाहेर कशी जाते? संहिता पाळणे ही किमान पातळी आहे. आराखड्यावर सही तुमची असेल, आणि त्या खोलीत रात्री झोपणारा माणूस सूत्र वाचलेला नसेल.

स्वाध्याय

१. तुमच्या राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीचे क्षेत्रफळ, खिडकीचे क्षेत्रफळ आणि दिशा मोजा. या टिपणातील पद्धतीने तीनही पदे वेगवेगळी काढा. सर्वात मोठे पद कोणते?

२. कडक उन्हाच्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीचे आतले तापमान दुपारी तीन ते रात्री एक या वेळेत दर तासाला नोंदवा. साधा तापमापक भिंतीला चिकटवला तरी चालेल. सर्वोच्च नोंद कधी आली? गणिताने काढलेल्या कालविलंबाशी ताडून पाहा. जुळले नाही, तर कारणे लिहा.

३. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : उन्हाळ्यात दुपारी कुठे बसता आणि रात्री कुठे झोपता? त्यांच्या उत्तराचा नकाशा काढा. मग तो पहिल्या दोन उत्तरांशेजारी ठेवा.

त्या गटाने तिसरा प्रश्न इमारत बदलण्याआधी सोडवला. पुढच्या आराखड्यात जिना आणि न्हाणीघरे पश्चिमेला गेली, शयनगृहे पूर्वेला आली. आरईटीव्ही १४.६ चा १४.६ च राहिला.